आधी बैठक, मग पकड : मिलिंग मशीनवर छोटे रोटरी टेबल बसवण्याच्या तंत्राची प्रस्तावना

मिलिंग मशीनचे टेबल डावीउजवीकडे, मागेपुढे आणि वरखाली अशा तीन सरळ दिशांनी चालते आणि सपाट पृष्ठभाग, सरळ खाच किंवा काटकोनी कड काढण्यासाठी एवढी चाल पुरेशी असते. परंतु एखाद्या फ्लँजवर समान अंतरावर सहा भोके पाडायची असली, लिव्हरचे टोक अर्धवर्तुळात गोल करायचे असले किंवा कमानीच्या आकाराची खाच कोरायची असली, म्हणजे या सरळ चालींना मोजून फिरवता येणाऱ्या चालीची जोड द्यावी लागते. ही जोड देणारे साधन म्हणजे रोटरी टेबल. बिडाच्या बैठकीत फिरणारी गोल चकती, चकतीखालचे दातांचे वर्म व्हील, त्या व्हीलशी जुळलेला एकेरी आट्याचा वर्म, वर्मच्या टोकाला खुणांची रिंग असलेले हँडल आणि चकती जागच्या जागी जखडणारे लॉक, अशी त्याची रचना असते. वर्मचा एक फेरा पूर्ण झाला की व्हील एका दाताने पुढे सरकते. त्यामुळे व्हीलला ९० दात असतील तर हँडलच्या एका फेऱ्यात चकती ४ अंश, ७२ दात असतील तर ५ अंश आणि ३६ दात असतील तर १० अंश फिरते. चकतीचा व्यास साधारणपणे ७५ ते १५० मिलिमीटर असलेल्या टेबलाला प्रस्तुत विवेचनात ‘छोटे’ म्हटले आहे.

या साधनाचा अभ्यास करणाऱ्याचे लक्ष प्रथम विभागणीच्या गणिताकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. वर्तुळावर सात भोके पाडायची असतील आणि व्हील ९० दातांचे असेल, तर दोन भोकांमध्ये हँडलचे १२ पूर्ण फेरे आणि वर एका फेऱ्याचा ६/७ भाग फिरवावा लागतो. इंडेक्स प्लेटवर, म्हणजे भोकांची वर्तुळे असलेल्या जोडतबकडीवर, २१ भोकांचे वर्तुळ असेल तर हा उरलेला भाग १८ भोकांच्या अंतराएवढा भरतो. हे गणित कागदावर निर्दोष असते, आणि तरीही तयार झालेल्या जॉबवरची भोके जोडीच्या भागाशी जुळत नाहीत असा प्रसंग येतो. अशा वेळी दोष शोधण्याची पहिली जागा हँडलवरच्या खुणा ही नसून रोटरी टेबल आणि मशीनचे टेबल यांमधला सांधा ही असते, कारण वर्म कितीही चोख असला तरी त्याची सगळी मापे ज्या बैठकीच्या भरवशावर घेतली जातात ती बैठक कलली, सरकली किंवा वाकली, तर मापांना अर्थ उरत नाही. बोल्ट कोणत्याही टेबलाला नीट बसवत नाही. जे आधीच नीट बसलेले आहे ते जागेवर राखणे एवढेच त्याचे काम आहे, हे या विवेचनाचे मध्यवर्ती प्रतिपादन होय.

वर्म आणि दातेरी चाक यांच्या साहाय्याने वर्तुळाचे भाग पाडण्याची पद्धत आधुनिक मिलिंग मशीनपेक्षा जुनी आहे. जहाजांवरच्या सेक्स्टंटसारख्या उपकरणांच्या कमानींवर अंशांच्या खुणा उमटवण्यासाठी लंडनचे उपकरणकार जेसी रॅम्सडेन यांनी जे विभाजनयंत्र बनवले, त्याचे वर्णन १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या यंत्राचे ४५ इंच व्यासाचे चाक घंटेच्या धातूचे होते, त्याच्या कडेला २१६० दात होते आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात ते नेमके १० कला, म्हणजे एका अंशाचा सहावा भाग, एवढेच सरकत असे. दातांच्या या संख्येइतकीच लक्षणीय गोष्ट त्या यंत्राच्या खालच्या बाजूला होती : चाक ज्या महोगनी लाकडाच्या घोडीवर टेकवले होते तिला तीन पाय होते आणि ते पाय आडव्या जोडांनी एकमेकांशी घट्ट बांधलेले होते. तीन पायांचे स्टूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, या सर्वपरिचित गोष्टीचा उपयोग त्या काळातील सर्वांत सूक्ष्म विभागणी करणाऱ्या यंत्रात केलेला होता, आणि अचूकतेचा विचार आधी पायापासून करावा लागतो हे त्यावरून दिसते.

मिलिंग मशीनला फिरत्या विभागणीची जोड मिळाली ती पुढच्या शतकात. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन अँड शार्प या कंपनीचे जोसेफ ब्राउन यांनी १८६१-६२ च्या सुमारास युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केले. ट्विस्ट ड्रिलच्या अंगावरचे नागमोडी खोबण, जे तोवर हाताने कानस चालवून काढावे लागत असे, ते मशीनवर काढता यावे ही त्यामागची तातडीची गरज होती आणि त्यासाठी जॉब मोजून फिरवणारे डिव्हायडिंग हेड त्या मशीनचा अविभाज्य भाग बनले. आडव्या अक्षाचे डिव्हायडिंग हेड आणि प्रामुख्याने उभ्या अक्षाने वापरले जाणारे रोटरी टेबल ही दोन्ही साधने वर्मच्या एकाच तत्त्वावर चालतात. मोठ्या कारखान्यांतील मशीन आणि त्याची जोडसाधने एकमेकांच्या मापाने बनवलेली असत, त्यामुळे ती बसवण्याचा प्रश्न फारसा बिकट नव्हता. छोटे रोटरी टेबल मात्र बहुधा एका ठिकाणी बनते, मशीन दुसऱ्या ठिकाणी बनते आणि दोघांची गाठ तिसऱ्याच ठिकाणी, एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये, पडते.

ही गाठ पडली की तीन अडचणी एकदम समोर येतात. पहिली अडचण टी-स्लॉटची. मशीनच्या टेबलात उलट्या टी अक्षराच्या छेदाच्या ज्या लांब खाचा असतात त्यांना टी-स्लॉट म्हणतात. त्यांची रुंदी प्रमाणित असून १० मिलिमीटरच्या स्लॉटमध्ये एम ८, १२ च्या स्लॉटमध्ये एम १०, १४ च्या स्लॉटमध्ये एम १२ आणि १८ च्या स्लॉटमध्ये एम १६ बोल्ट बसतो. परंतु दोन स्लॉटमधले अंतर मशीनगणिक बदलते आणि रोटरी टेबलाच्या बैठकीला बोल्टसाठी जे उघड्या खाचांचे कान असतात, ते या अंतराशी जुळतीलच असे नाही. दोन कान एकाच स्लॉटवर आले तर काम सोपे होते, पण तीन कान असले तर तिसरा हमखास दोन स्लॉटच्या मधल्या भरीव भागावर येतो. दुसरी अडचण हँडलची. छोट्या टेबलाची उंची कमी असल्यामुळे हँडल फिरताना त्याची मूठ मशीनच्या टेबलावर आपटते, आणि ते टाळण्यासाठी हँडल टेबलाच्या कडेबाहेर येईल असे रोटरी सरकवले तर बोल्टांची जागा पुन्हा हुकते. तिसरी अडचण उंचीची : रोटरी टेबल, त्यावरचा चक, जॉब, कटर आणि कोलेट यांच्या उंचीची बेरीज केली की लहान मशीनच्या स्पिंडलखाली जागाच उरत नाही. या तिन्ही अडचणींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे एक सोडवताना दुसरी वाढणार नाही ना, हे बसवण्यापूर्वीच मोजून पाहावे लागते.

बसवण्याची पहिली पायरी सफाईची आहे. मशीनचे टेबल ब्रशने झाडून व कापडाने पुसून घेतले तरी टी-स्लॉटच्या कडांवर जुन्या ठोक्यांनी उठलेले बर, म्हणजे धातूचे सूक्ष्म उंचवटे, डोळ्यांना दिसत नाहीत. तळहात फिरवल्यावर ते जाणवतात आणि बारीक ऑइल स्टोन सपाट धरून हलके फिरवला की तेवढेच उंचवटे उतरतात. रोटरीच्या बैठकीची खालची बाजूही याच रीतीने तपासावी लागते. १२० मिलिमीटर रुंदीच्या बैठकीच्या एका कडेखाली ०.०५ मिलिमीटर जाडीची एखादी चिप राहिली, तर टेबल उभे बसवून अक्षाची आडवी मांडणी केल्यावर १८० मिलिमीटर उंचीवरचा बिंदू ०.०७५ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे खालची चूक वर दीडपट होऊन बाहेर पडते. सफाईनंतर रोटरी टेबल मोकळेच ठेवून त्याच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने बोटाने दाबून पाहावे. ते किंचितही डुलत असेल तर बोल्ट आवळून ते डुलणे थांबेल, पण थांबेल ते बैठक वाकवून.

वाकलेली बैठक ही डुलणाऱ्या बैठकीपेक्षा अधिक फसवी असते, कारण वरून सर्व काही घट्ट दिसते. छोट्या टेबलाची बैठक पातळ असते आणि तिच्यातच चकतीचे बेअरिंग व वर्मचे घर असल्यामुळे कान खाली ओढले गेले की आतल्या जुळणीवर ताण येतो. याची परीक्षा करण्याची रीत सोपी आहे. डायल गेज स्पिंडलवर धरून त्याचे टोक चकतीच्या पृष्ठभागावर टेकवावे, काटा शून्यावर आणावा आणि मग एकेक नट आवळत जावे. नट आवळताना काटा ०.०१ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर त्या कानाखाली पोकळी आहे असे समजावे आणि नट सोडून तिथे योग्य जाडीचा शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घालावा. त्याचबरोबर नट आवळण्यापूर्वी आणि आवळल्यानंतर हँडल फिरवून पाहावे. आवळल्यानंतर ते जड झाले असेल, किंवा एका फेऱ्यात काही भाग हलका आणि काही भाग जड लागत असेल, तर बैठकीवरचा ताण वर्मपर्यंत पोहोचला आहे असा त्याचा अर्थ होतो.

इथे डायलच्या वापराविषयी एका नेहमीच्या गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. डायल एका जागी स्थिर धरून रोटरीची चकती फिरवली आणि काटा हलला नाही, म्हणजे टेबल समपातळीत बसले आहे, असे अनेकदा मानले जाते. पण चकती तिच्या स्वतःच्या अक्षाला काटकोनात बनवलेली असेल तर सबंध रोटरी टेबल कलते बसले असतानाही ती स्वतःच्याच पातळीत फिरते आणि काटा स्थिर राहतो. ही चाचणी चकती आणि तिचा अक्ष यांच्यातला काटकोन तपासते, बैठकीचा कल तपासत नाही. कल शोधायचा असेल तर चकती लॉक करून मशीनचे टेबल डावीउजवीकडे आणि मागेपुढे सरकवावे लागते; त्या चालीत काटा जेवढा हलेल तेवढा कल. कल तसाच राहू दिला तर वर्तुळातली सगळी भोके सारख्या अंतरावर पडतात, पण प्रत्येक भोक जॉबच्या पृष्ठभागाशी किंचित तिरके राहते, आणि सपाट तळाच्या खाचेचा तळ शंकूसारखा उतरता निघतो. अर्थात या सगळ्याआधी खुद्द स्पिंडल मशीनच्या टेबलाशी गुण्यात आहे याची खात्री करून घेतलेली असली पाहिजे, नाहीतर मशीनचा दोष रोटरीच्या माथी मारला जातो.

बैठक सिद्ध झाल्यानंतर प्रश्न उरतो तो पकडीचा, आणि इथे अंदाजापेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो. समजा, लहान मशीनची मोटर ५०० वॅटची आहे आणि कटरच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटर ठेवला आहे. तर मोटरची सगळी शक्ती कापण्यातच खर्च झाली असे धरले तरी कटर जॉबला सरासरी सुमारे १२०० न्यूटन, म्हणजे साधारण १२० किलो वजनाएवढ्या बलाने ढकलू शकतो. १२ मिलिमीटरच्या स्लॉटमधले दोन एम १० बोल्ट प्रत्येकी ८००० न्यूटन ताणाने आवळले, तर बैठकीवर एकूण १६,००० न्यूटन दाब येतो, आणि कोरड्या धातूच्या दोन पृष्ठभागांमधला घर्षणगुणांक ०.१५ धरला तर सरकण्याला विरोध २४०० न्यूटनांचा होतो. हा विरोध सरासरी ढकलण्याच्या दुप्पट आहे, आणि दाते एकेक करून जॉबवर आदळत असल्यामुळे क्षणिक बल सरासरीपेक्षा बरेच जास्त होते हे लक्षात घेता एवढी राखीव ताकद चैनीची नाही. ८००० न्यूटन ताणासाठी एम १० नटाला सुमारे १६ न्यूटन-मीटर पीळ लागतो, म्हणजे १५० मिलिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ११ किलोची ओढ. पान्यावर पाइप चढवून आवळण्याची गरज यात कुठेही येत नाही.

हा हिशेब बोल्ट थेट कानातून जातो तेव्हाचा आहे. कान स्लॉटवर येत नसेल तर पट्टी-क्लॅम्प वापरावा लागतो. पट्टीचे एक टोक रोटरीच्या कानावर टेकते, दुसरे टोक, म्हणजे टाच, पॅकिंगवर किंवा पायऱ्यांच्या स्टेप ब्लॉकवर टेकते आणि मधून बोल्ट जातो. त्यामुळे बोल्टचा ताण दोन टोकांत वाटला जातो आणि रोटरीच्या वाट्याला येणारा भाग बोल्टच्या जागेवर ठरतो. टेकूंमधले अंतर १०० मिलिमीटर असून बोल्ट रोटरीपासून ३० मिलिमीटरवर असेल तर ताणाचा ७० टक्के भाग रोटरीला मिळतो. बोल्ट नेमका मध्यावर असेल तर निम्मा. आणि बोल्ट टाचेकडे सरकून ७० मिलिमीटरवर गेला तर जेमतेम ३० टक्के, बाकीचा ताण पॅकिंग दाबण्यात वाया जातो. वरच्या उदाहरणात बोल्ट मध्यावर घेतले तर २४०० न्यूटनांचा विरोध १२०० वर येतो आणि राखीव ताकद शून्य होते, जरी नट तेवढेच घट्ट असतात आणि कारागिराच्या हाताला काहीही फरक जाणवत नाही. म्हणून बोल्ट रोटरीच्या शक्य तितका जवळ आणि टाच कानापेक्षा केसभर उंच, हे दोन नियम पट्टी-क्लॅम्पच्या बाबतीत अपवादाशिवाय पाळायचे आहेत. टाच खाली राहिली तर पट्टी कानाच्या फक्त कडेवर टेकते, बाहेरच्या बाजूला निसटू पाहते आणि कान वाकवते.

टी-नटाच्या, म्हणजे टी-स्लॉटमध्ये आतून अडकणाऱ्या नटाच्या, बाबतीतही एक बारकावा आहे. टी-नटात आटे आरपार पाडलेले असतील आणि त्यात बसवलेला स्टड खालून बाहेर आला, तर तो स्लॉटच्या तळावर टेकतो आणि नट आवळताना जॅकप्रमाणे काम करत टी-नटाला वर ढकलतो. टी-नट स्लॉटच्या ओठांवर दाबला जातो आणि ते ओठ बिडाचे असल्यामुळे लवत नाहीत, एकदम तुटतात. मशीनच्या टेबलाचा तुटलेला ओठ पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणूनच चांगल्या टी-नटाचे शेवटचे आटे ठोकून मुद्दाम बिघडवलेले असतात, आणि नसतील तर तेवढे काम वर्कशॉपमध्येच उरकून घ्यावे. नटाखाली जाड वॉशर असावा, स्टडचे आटे नटात पूर्ण भरावेत, आणि दोन नट एका दमात न आवळता आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत.

कान आणि स्लॉट कोणत्याही रीतीने जुळत नसतील, किंवा रोटरी टेबल वारंवार चढवावे-उतरवावे लागत असेल, तर मधली प्लेट हा सर्वांत टिकाऊ उपाय ठरतो. १६ ते २० मिलिमीटर जाडीची, दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून समांतर केलेली पोलादी किंवा बिडाची प्लेट घेऊन तिच्यात एकीकडे रोटरीच्या कानांच्या मापाने आटे पाडायचे आणि दुसरीकडे मशीनच्या स्लॉटच्या मापाने सॉकेट हेड स्क्रूसाठी डोके बुडेल अशी भोके पाडायची, एवढेच तिचे स्वरूप असते. प्लेटच्या खालच्या बाजूला स्लॉटमध्ये सैल न होता बसणाऱ्या दोन की, म्हणजे चौकोनी पोलादी तुकडे, एका रेषेत बसवले तर प्लेट दर वेळी त्याच दिशेने बसते आणि बाजूच्या ढकलण्याला घर्षणाबरोबर या की देखील विरोध करतात. रोटरी टेबल प्लेटवर कायमचे जोडून ठेवले की मशीनवर ठेवायची ती एकच वस्तू उरते, आणि हँडल मशीनच्या टेबलापासून प्लेटच्या जाडीएवढे वर उचलले जाते. याची किंमत म्हणजे स्पिंडलखालची तेवढी उंची कमी होते. लहान मशीनवर हा सौदा परवडतो की नाही ते आधी मोजून ठरवावे.

अनेक छोटी टेबले आडवी आणि उभी अशा दोन्ही प्रकारे बसवता येतात. उभ्या मांडणीत चकतीचा अक्ष आडवा होतो, आणि शाफ्टवर षटकोन काढणे किंवा दातेरी चाक कापणे अशी कामे शक्य होतात; पण त्याच वेळी टेकण्याची जागा अरुंद होते आणि कटरचे बल बैठकीपासून उंचावर लागते. या मांडणीत कटरचे बल रोटरीला मशीनच्या टेबलाकडे दाबेल अशा बाजूने काम घ्यावे आणि जॉब लांब असेल तर त्याचे मोकळे टोक टेलस्टॉकवर, म्हणजे टोकदार सेंटर असलेल्या जोडआधारावर, टेकवावे. टेलस्टॉकचे सेंटर आणि चकतीचा अक्ष एका उंचीवर व एका रेषेत आहेत हे पाहण्यासाठी दोघांमध्ये सरळ गोल बार धरून त्यावरून डायल वरच्या व बाजूच्या अशा दोन्ही अंगांनी चालवावा लागतो.

यापुढची पायरी केंद्र जुळवण्याची आहे, आणि तिच्यात दोन स्वतंत्र जुळण्या असून त्यांचा क्रम बदलता येत नाही. पहिल्या जुळणीत रोटरीचा अक्ष स्पिंडलच्या बरोबर खाली आणायचा असतो : डायल स्पिंडलमध्ये धरावा, त्याचे टोक चकतीच्या मधल्या भोकात, जे छोट्या टेबलांत बहुधा मोर्स टेपर २ चे असते, आतल्या भिंतीला टेकवावे, मोटर मेन स्विचपासून बंद करून स्पिंडल हाताने फिरवावे आणि काटा स्थिर होईपर्यंत मशीनचे टेबल सरकवावे. काटा एकूण ०.०४ मिलिमीटर हलला तर प्रत्यक्ष चूक त्याच्या निम्मी, म्हणजे ०.०२ मिलिमीटर असते. ही जुळणी झाली की मशीनच्या टेबलाच्या दोन्ही दिशांच्या हँडलांवरच्या खुणांच्या रिंगा शून्यावर लावाव्या. दुसऱ्या जुळणीत जॉब चकतीवर ठेवून तो रोटरीच्या अक्षाशी जुळवायचा असतो आणि त्या वेळी स्पिंडल स्थिर राहून चकती फिरते. दोन्ही चुकांचे परिणामही वेगळे आहेत : पहिली जुळणी चुकली तर भोकांमधले कोन बरोबर राहतात, फक्त वर्तुळाची त्रिज्या सर्वत्र सारख्याच प्रमाणात बदलते, दुसरी चुकली तर त्रिज्या बरोबर राहूनही सबंध वर्तुळ जॉबच्या मध्यापासून बाजूला सरकते. बिघडलेला जॉब हातात आल्यावर कोणती पायरी हुकली हे या फरकावरून ओळखता येते.

कापताना रोटरी टेबलाला जपायचे असेल तर कटर आणि चकती यांच्या दिशांचा संबंध समजून घ्यावा लागतो. वर्म आणि व्हील यांच्या दातांमध्ये थोडी फट असतेच. तिला बॅकलॅश म्हणतात. कटरचे दात ज्या दिशेने जातात त्याच दिशेने जॉब सरकत असेल तर कटर जॉबला आपल्याकडे ओढतो, ही फट एका झटक्यात भरून निघते आणि दात तुटतो. वरून पाहिले असता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या नेहमीच्या कटरने जॉबची बाहेरची कड गोल करताना चकतीही घड्याळाच्याच दिशेने फिरवावी, आणि आतली कड कापताना ती उलट दिशेने फिरवावी, म्हणजे दोन्ही वेळा जॉब दातांच्या विरुद्ध जातो आणि ओढला जात नाही. विभागणी करताना प्रत्येक खुणेवर एकाच बाजूने यावे. खूण ओलांडली गेली तर तेवढेच मागे न येता बॅकलॅश भरून निघेल इतके मागे जाऊन पुन्हा पुढे यावे. भोक पाडताना किंवा सरळ कापताना चकतीचे लॉक घट्ट असावे, आणि ते आवळताना चकती किंचित सरकते का हे डायल लावून एकदा तरी पाहून ठेवावे, कारण ५० मिलिमीटर त्रिज्येवर कोनातली एका कलेची चूकही सुमारे ०.०१५ मिलिमीटरची होते.

प्रस्तुत विवेचनाची मांडणी याच क्रमाने केलेली आहे : प्रथम बैठक, नंतर पकड, मग केंद्र आणि शेवटी कटर. भोसरी, सातपूर किंवा शिरोली यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील लहान वर्कशॉप, आयटीआयमधला मशिनिस्ट ट्रेडचा प्रशिक्षणार्थी आणि घरच्या गॅरेजमध्ये छोटे मशीन लावून हौसेने काम करणारा माणूस, हे तिघेही या विवेचनाचे वाचक आहेत. मोठ्या मशीनवर निष्काळजीपणे बसवलेले साधनही निव्वळ वजनाच्या जोरावर पुष्कळदा निभावून जाते, आणि ही सवलत छोट्या मशीनला नसते. त्यामुळे इथे सांगितलेली प्रत्येक तपासणी छोट्या मशीनच्या मालकाला अधिक लागू पडते. गणित आणि आकडे दिले आहेत ते पाठ करण्यासाठी नव्हेत. वाचकाने आपल्या मशीनची मोटर, आपल्या स्लॉटची रुंदी आणि आपल्या क्लॅम्पची लांबी त्यांत घालून तोच हिशेब स्वतः करून पाहावा, अशी अपेक्षा आहे. पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी वाचकाने आपले रोटरी टेबल मशीनवरून एकदा उतरवावे, दोन्ही पृष्ठभागांवरून तळहात फिरवावा, ते पुन्हा ठेवून नट आवळताना डायलचा काटा किती हलतो ते लिहून ठेवावे आणि त्या आकड्यासह पहिल्या प्रकरणाला सुरुवात करावी.